मेंदूच्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात ते तपासायचं स्क्रीनिंग, पुण्यात बसून कसं उभं करायचं

दरवर्षी एमएससीचं डेझर्टेशन ठरायची वेळ आली की कोणीतरी विचारतंच, सिनॅप्सवर, म्हणजे दोन मेंदूपेशींच्या जोडावर, काम करायचंय, स्क्रीनिंग करायचंय, म्हणजे भरपूर जीन किंवा रसायनं एकामागून एक तपासून कामाची तेवढी निवडायचीत, सुरुवात कुठून करू, आणि बहुतेकांचा पुढचा प्रश्न मशीनचा असतो, अमुक प्लेट रीडर कुणाकडे आहे, कॉन्फोकलचा स्लॉट मिळेल का, वगैरे. मशीनचं नंतर बघू. पाषाण, गणेशखिंड, लॉ कॉलेज रोड या पट्ट्यात आयसर, एनसीएल, एनसीसीएस, विद्यापीठ, आघारकर इन्स्टिट्यूट असं सगळं इतकं जवळजवळ आहे की गाईडची सही घेऊन रीतसर मेल टाकला तर कुठे ना कुठे सोय होऊ शकते. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आपण नेमकं काय मोजतोय हे न ठरवताच लोक प्लेट भरायला घेतात आणि काही महिन्यांनी हातात अशी यादी येते की जिचं पुढे काय करायचं ते कुणालाच सांगता येत नाही. म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय, एमएससीवाल्यांसाठी, पीएचडीच्या पहिल्या वर्षातल्यांसाठी, आणि ज्या लॅबकडे फार पैसे नाहीत त्यांच्यासाठी तर जास्तच.

आधी एकच पायरी निवडा

"पेशी एकमेकींशी बोलतात" हे एक काम नाहीये, ती सात-आठ कामांची साखळी आहे. अ‍ॅक्सॉनमधून, म्हणजे न्यूरॉनच्या (मेंदूपेशीच्या) तारेसारख्या लांब फांदीतून, विजेचा झटका टोकापर्यंत येतो, तिथले कॅल्शियम चॅनेल उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, त्याने न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे निरोप नेणारं रसायन, भरलेल्या व्हेसिकल (छोट्या पिशव्या) पडद्याला मिसळून फुटतात, ते रसायन साधारण २० नॅनोमीटरची फट ओलांडून पलीकडच्या रिसेप्टरवर (ते पकडणाऱ्या प्रोटीनवर) बसतं, पलीकडच्या पेशीत करंट वाहतो, मग ते रसायन तोडलं तरी जातं नाहीतर परत उचललं जातं, आणि रिकामी व्हेसिकल पुन्हा भरून तयार होते. सोसायटीत नळाला पाणी आलं नाही की आपण टाकी रिकामी आहे, मोटर बंद आहे, का आपल्याच मजल्याचा व्हॉल्व्ह कोणी बंद केलाय हे एकेक करून बघतो, तसंच इथे आहे, शेवटचा नळ कोरडा आहे एवढ्यावरून बिघाड कुठे ते कळत नाही.

तर पहिल्या दिवशी वहीत एक वाक्य लिहा. "मला व्हेसिकल फुटण्यावर परिणाम करणारे जीन शोधायचेत" हे चांगलं वाक्य आहे. "मला सिनॅप्टिक फंक्शन सुधारणारी औषधं शोधायचीत" हे वाईट, कारण यात कुठली पायरी ते नाही आणि सुधारणं म्हणजे काय तेही नाही. हे वाक्य पक्कं झालं की रीडआऊट, म्हणजे काय वाचून मोजायचं ते, आपोआप ठरतो. कॅल्शियम आत येतंय का हे बघायचं तर कॅल्शियम लागलं की चमकणारा फ्लुओ-४ सारखा डाय किंवा तेच काम करणारं जीकॅम्प हे प्रोटीन. व्हेसिकल फुटतायत का हे बघायचं तर सिनॅप्टो-पीएच-फ्लुओरिन हे प्रोटीन, जे व्हेसिकलच्या आतल्या आम्लात म्हणजे साडेपाचच्या आसपास पीएचला विझलेलं असतं आणि बाहेरच्या ७.४ ला आलं की चमकतं. ग्लुटामेट हे मेंदूतलं न्यूरोट्रान्समीटर खरंच बाहेर पडलं का हे बघायचं तर त्याला चमकून दाखवणारा आयग्लूस्निफर सेन्सर, जो २०१३ ला आला. सगळं नेटवर्क एकत्र कसं फायर होतंय हे बघायचं तर मल्टी-इलेक्ट्रोड अ‍ॅरे. सिनॅप्स किती आहेत हे मोजायचं तर अलीकडे सिनॅप्सिन किंवा बासून (Bassoon), पलीकडे पीएसडी-९५ किंवा होमर ही प्रोटीनं, असं दोन रंगात रंगवून ठिपके मोजायचे.

या शेवटच्याबद्दल एक इशारा आत्ताच देते. दोन रंगांचे ठिपके एकमेकांवर आले की लोक सिनॅप्स सापडला म्हणून मोकळे होतात, पण साध्या लाईट मायक्रोस्कोपची क्षमता २०० नॅनोमीटरच्या पुढे जात नाही आणि फट आहे २० ची, त्यामुळे शेजारून नुसती जाणारी गोष्टही एकावर एक दिसते. म्हणून एक चॅनेल ९० अंशात फिरवून किंवा थोडा सरकवून पुन्हा मोजा, योगायोगाने किती ठिपके जुळतात ते कळतं, आणि तुमच्या आकड्यातून तेवढे वजा धरूनच बोला.

पैसे कमी असतील तर वर्मपासून सुरू करा

माझं स्पष्ट मत आहे की पहिलं स्क्रीन सी. एलेगन्सवर करावं. १ मिलिमीटरचा हा कृमी, हर्मॅफ्रोडाइटमध्ये (उभयलिंगी वर्ममध्ये) ३०२ न्यूरॉन, अंड्यापासून मोठा व्हायला तीनेक दिवस, खाणं म्हणजे ओपी५० नावाचे ई. कोलाय, आणि सामान काय तर एनजीएम आगारच्या प्लेट, एक साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि प्लॅटिनमची तार. उंदरांना लागते तशी इन्स्टिट्यूशनल अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीची परवानगी याला सहसा लागत नाही, पण जीन बदललेले स्ट्रेन (वाण) असतील तर बायोसेफ्टी कमिटीला कळवावंच लागतं, ते टाळू नका. स्ट्रेन अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या सीजीसी स्टॉक सेंटरहून येतात, मागवण्यात वेळ जातो, तर आधी शहरातल्या, नाहीतर निदान देशातल्या वर्म लॅबना विचारा, हे लोक स्ट्रेन द्यायला सहसा नाही म्हणत नाहीत.

यातली सगळ्यात जुनी आणि भरवशाची टेस्ट अल्डिकार्बची. वर्मच्या स्नायूंना आकसायला सांगणारं रसायन असिटिलकोलीन, आणि ते काम झाल्यावर तोडायचं काम असिटिलकोलिनएस्टरेज नावाचं एन्झाइम करतं. अल्डिकार्ब त्या एन्झाइमला बंद पाडतं. मग असिटिलकोलीन साचत जातं, स्नायू आकसलेलेच राहतात आणि वर्म हळूहळू लुळा पडतो. आता ज्या वर्मच्या न्यूरॉनमधून असिटिलकोलीन मुळातच कमी सुटतं त्याच्याकडे ते साचायला वेळ लागतो, म्हणून तो उशिरा लुळा पडतो. म्हणजे नुसतं घड्याळ लावून बसलं तरी सिनॅप्समधून किती रसायन सुटतंय याचा अंदाज येतो, आणि हे मला आजही फार सुंदर वाटतं. २००५ साली याच टेस्टवर आरएनएआय (एकेक जीन गप्प करायची पद्धत) वापरून केलेल्या मोठ्या स्क्रीनमध्ये १८५ जीन सापडले होते, त्यातल्या १३२ चा सिनॅप्सशी संबंध तोपर्यंत कुणाला माहीत नव्हता.

करायचं कसं ते सांगते. आधी सुरक्षिततेचं, कारण अल्डिकार्ब हे अतिशय विषारी कार्बामेट कीटकनाशक आहे. पावडर फक्त फ्युम हूडमध्ये, दुहेरी ग्लोव्ह्ज घालून, आणि एकट्याने कधीच नाही. वेस्ट वेगळ्या डब्यात, वर नाव लिहून. बाटली पीआयच्या (लॅबप्रमुखाच्या) नावावर, कुलपात. काही झालंच तर डॉक्टरला "कार्बामेट आहे" हे सांगता आलं पाहिजे, हे लॅबमधल्या प्रत्येकाला माहीत हवं. आगार ऑटोक्लेव्ह करून ५५ डिग्रीपर्यंत उतरलं की त्यात अल्डिकार्ब १ मिलिमोलर होईल एवढं मिसळून प्लेट ओता, फार पटकन सगळे लुळे पडत असतील तर अर्धा मिलिमोलर घ्या. मधोमध ओपी५० चा छोटासा थेंब ठेवा म्हणजे वर्म कडेला पळून प्लेटच्या भिंतीवर चढून वाळत नाहीत.

प्रत्येक प्लेटवर २० ते २५ वर्म, सगळे एकाच वयाचे, कोवळे अ‍ॅडल्ट. प्लेटच्या तळावर नाव लिहायचं नाही, मैत्रिणीला सांगून नंबर टाकून घ्या आणि कुठला नंबर कुठला स्ट्रेन हे तिच्याकडेच राहू द्या. मग दर अर्ध्या तासाने एकेका वर्मला तारेने हळूच टोचायचं, डोक्याला तीनदा, शेपटीला तीनदा, आणि अंगाची काहीच हालचाल झाली नाही तरच लुळा धरायचा. सुरुवातीला इथेच गोंधळ होतो. लुळा पडत चाललेला वर्म आधी आखडतो, लांबीला कमी होतो, मागे सरकायचं सोडतो, आणि मग नुसतं नाक हलवतो. नाक हललं तर तो लुळा का जिवंत हे ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलं तर दोन माणसांचे आकडे कधीच जुळणार नाहीत, तर पहिल्या प्लेटच्या आधी दोघींनी एकाच मायक्रोस्कोपला बसून नियम ठरवा आणि वहीत लिहा. १ मिलिमोलरला साधा एन२ वर्म, म्हणजे जीन न बदललेला नेहमीचा स्ट्रेन, साधारण दोन तासांत बहुतेक लुळा पडलेला असतो, तुमचा त्याहून फार वेगळा वागत असेल तर प्लेट, तापमान नाहीतर वय यातलं काहीतरी चुकतंय.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे स्ट्रेन, तीन ठेवा. एक एन२. एक उशिरा लुळा पडणारा, त्यासाठी रॅब-३ म्युटंट (रॅब-३ जीन बिघडलेला वर्म) चांगला, तो बऱ्यापैकी नीट चालतो, अनसी-१३ सारखा आधीच निपचित पडलेला वर्म घेतला तर लुळा पडला का हे बघणार तरी कसं. आणि एक लवकर पडणारा, टॉम-१. लवकर पडणाऱ्यांबाबत घाई करू नका, कारण असिटिलकोलीन जास्त सुटतंय म्हणूनही तसं होतं आणि गाबा हे स्नायू सैल ठेवणारं रसायन सुटायचं कमी झालं म्हणूनही, गाबाचा ब्रेक नसला की स्नायू लवकर आकसतात.

उशिरा लुळा पडणारा सापडला की लगेच त्याच स्ट्रेनवर लेव्हामिसोल टेस्ट करा. लेव्हामिसोल थेट स्नायूवरच्या रिसेप्टरवर बसतं, न्यूरॉनला मधे घेतच नाही. तर अल्डिकार्बला उशीर पण लेव्हामिसोलला नेहमीसारखाच, म्हणजे बिघाड अलीकडे, सोडण्यात. दोन्हीला उशीर म्हणजे बिघाड बहुधा पलीकडे, रिसेप्टर किंवा स्नायूत. दोन स्वस्त टेस्टमध्ये साखळी मधोमध तुटते, आणि याच्यासाठी कुठलंही महागडं मशीन लागत नाही.

आरएनएआय करणार असाल तर साध्या एन२ मध्ये न्यूरॉनवर ते नीट चालत नाही, ईआरआय-१ सारखा संवेदनशील स्ट्रेन घ्या, नाहीतर सगळी लायब्ररी (एकेक जीन गप्प करणाऱ्या बॅक्टेरियांचा संच) खायला घालून हाती काहीच लागणार नाही आणि तुम्हाला वाटेल की जीनच बिनकामाचे आहेत.

पुण्याचं म्हणून एक. एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या खोलीत ३५ डिग्री सहज होतं आणि वर्मला २० लागतं, २५ च्या वर गेला की बिघडायला लागतो. इन्क्युबेटर असतो सगळ्यांकडे, पण टेस्ट दोन-तीन तास टेबलावर चालते ना, ते कोणी लक्षात घेत नाही. गरम खोलीत सगळेच लवकर लुळे पडतात आणि जानेवारीच्या आकड्यांशी मेचे आकडे जुळत नाहीत. खोलीचं तापमान प्रत्येक वेळी वहीत लिहा. आणि जून ते सप्टेंबर प्लेटवर बुरशी येते, त्या काळात ओतलेल्या प्लेट नीट वाळवून, बंद डब्यात, थोड्या थोड्याच करा.

माश्यांबद्दल थोडक्यात

ड्रोसोफिला या फळमाशीवरचं स्क्रीन तर याहून सोपं दिसतं. टीआयएफआरचे ओबेद सिद्दीकी आणि कॅलटेकचे सीमोर बेंझर यांनी १९७६ मध्ये गरम केल्यावर लुळ्या पडणाऱ्या माश्यांवरचा पेपर छापला, त्यातला कोमाटोज नावाचा म्युटंट पुढे एनएसएफ या प्रोटीनचा निघाला, जे व्हेसिकल फुटल्यावर एकमेकांत अडकलेली प्रोटीनं सोडवतं. याच प्रकारचा, पण या पेपरच्या आधीच सापडलेला, शिबिरे नावाचा म्युटंट डायनामिन या प्रोटीनचा, जो पडद्यातून व्हेसिकल परत खुडून घेतो. करायचं एवढंच की रिकामी व्हायल वॉटर बाथमध्ये आधी तापवून ठेवायची, त्यात माश्या सोडायच्या, किती सेकंदांत किती पडल्या ते मोजायचं, मग २५ डिग्रीला आणून किती वेळात उठल्या ते मोजायचं. शिबिरे २९ डिग्रीच्या आसपासच पडतो आणि थंड केला की पटकन उठतो, कोमाटोजला ३८ च्या आसपास न्यावं लागतं आणि तो बराच वेळ पडून राहतो. उठायला लागणारा वेळ पण लिहाच, बरेच जण नुसतं पडणं मोजतात आणि अर्धी माहिती फेकून देतात.

प्लेटमधल्या न्यूरॉन

इथे खर्च वाढतो आणि परवानग्याही. उंदराच्या किंवा रॅटच्या पिल्लांचा कॉर्टेक्स घेणार असाल तर एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आल्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही, आणि कमिटीची बैठक रोज नसते, तर अर्ज आधीच करून ठेवा. आयपीएस पेशींपासून (साध्या पेशींतून बनवलेल्या मूळपेशींपासून) एनजीएन२ या जीनने न्यूरॉन बनवायची पद्धत २०१३ पासून आहे, ती जमत असेल तर फारच चांगलं, माणसाचे न्यूरॉन मिळतात आणि प्राणी लागत नाहीत, पण त्यांचे सिनॅप्स पक्के व्हायला जास्त आठवडे लागतात.

रॅटच्या कल्चरमध्ये साधारण १४ दिवसांनी सिनॅप्स मोजण्यासारखे होतात. ९६-वेल (९६ खळग्यांची) प्लेट, पॉली-डी-लायसिनचं कोटिंग, आणि ते कोटिंग स्टराइल पाण्याने तीनदा धुवायचं, कारण सुटं राहिलेलं लायसिन पेशींना मारतं. प्रत्येक वेलमध्ये ३० ते ५० हजार पेशी, मीडियम बदलताना अर्धाच बदलायचा, पूर्ण कधीच नाही. कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, हिवाळ्यात आपल्याकडे हवा कोरडी असते तेव्हा जास्तच, आणि पाणी उडालं की मीठ वाढतं आणि न्यूरॉन त्यालाच रिस्पॉन्स देत बसतात. म्हणून बाहेरची रांग नुसत्या स्टराइल पाण्याने भरून टाका आणि आतल्या ६० वेलमध्येच काम करा.

अजून एक, बऱ्याच भागांत देखभालीच्या कामासाठी गुरुवारी लाईट जाते. १४ दिवस म्हणजे बरोबर दोन आठवडे, तर गुरुवारी डिसेक्शन केलं की रीडिंगही गुरुवारीच येणार. सोमवारी किंवा मंगळवारी डिसेक्शन करा. आणि इन्क्युबेटर खरंच यूपीएसवर आहे का हे स्वतः प्लग बघून खात्री करा.

फ्लुओ-४ चं स्क्रीन असं. डाय २ ते ५ मायक्रोमोलर, थोडं प्लुरॉनिक (डाय विरघळायला मदत करणारं) घालून, अर्धा ते पाऊण तास, मग हलक्या हाताने धुवायचं, वाचताना ४९० च्या आसपास उजेड टाकायचा आणि ५१५-५२० ला पकडायचा. २० सेकंद काहीच न घालता रेषा वाचा, मग बफर घाला आणि पुन्हा वाचा, मग पोटॅशियम क्लोराइड ५० मिलिमोलर होईल एवढं. हा मधला बफर बरेच जण वगळतात. नुसता थेंब पडल्याच्या धक्क्यानेही न्यूरॉनमध्ये छोटा उंचवटा येतो, तो किती हे माहीत नसेल तर कंपाऊंडचा परिणाम कुठला आणि पिपेटचा कुठला ते सांगता येत नाही. पोटॅशियमच्या बफरमध्ये तेवढंच सोडियम कमी करा, नाहीतर एकूण क्षार वाढून पेशी आकसतात आणि तेही सिग्नलसारखंच दिसतं. ट्रेस (वेळेप्रमाणे उजेडाची रेषा) उघडून डोळ्यांनी बघा, सॉफ्टवेअरने काढलेला नुसता कमाल आकडा घेऊ नका. चांगल्या वेलमध्ये रेषा झपकन वर जाते आणि हळूहळू उतरते. घालतानाच पेशी सुटल्या असतील तर रेषा एकदम खाली पडते आणि तिथेच राहते, आणि कमाल आकड्यात ही वेल "ब्लॉकर" म्हणून यादीत जाऊन बसते.

आणि हे नीट लक्षात ठेवा की पोटॅशियमने उठलेलं कॅल्शियम म्हणजे पेशी बोलली असं नाही, नुसते चॅनेल उघडले एवढंच. दोन पेशींमधलं काही बघायचं असेल तर पोटॅशियम घालूच नका, १४ दिवसांच्या कल्चरमध्ये सगळे न्यूरॉन आपणहून एका तालात कॅल्शियम वरखाली करतात, ते रेकॉर्ड करा. त्यात सीएनक्यूएक्स आणि एपी५ घातलं, म्हणजे एएमपीए आणि एनएमडीए दोन्ही रिसेप्टर बंद केले, आणि ताल थांबला, तर तो ताल सिनॅप्सचाच होता. टीटीएक्स या विषाने पण थांबला पाहिजे, पण टीटीएक्स सगळं फायरिंगच बंद करतं, त्यामुळे नुसत्या त्याच्यावरून सिनॅप्सबद्दल बोलू नका. माझ्या मते कमी बजेटमध्ये सिनॅप्सबद्दल सगळ्यात जास्त सांगणारा प्लेट असे (assay, म्हणजे चाचणी) हाच आहे.

लायब्ररी उघडायच्या आधी झेड-प्राइम

स्क्रीन सुरू करायची घाई सगळ्यांना असते, पण आधी एक अख्खी प्लेट नुसत्या कंट्रोलची करा, अर्ध्या वेल पॉझिटिव्ह (परिणाम दिसणारच अशा), अर्ध्या निगेटिव्ह (न दिसणाऱ्या), आणि त्या एका बाजूला सगळ्या पॉझिटिव्ह अशा नकोत, मिसळून हव्यात. मग १९९९ पासून सगळे वापरतात तो झेड-प्राइम काढा, म्हणजे दोन गट किती स्वच्छ वेगळे पडतात याचा आकडा. दोन्हीकडच्या स्टँडर्ड डिव्हिएशनची बेरीज करायची, तिला ३ ने गुणायचं, दोन सरासऱ्यांमधल्या फरकाने भागायचं आणि १ मधून वजा करायचं. समजा पॉझिटिव्ह सरासरी १०००, डिव्हिएशन ६०, निगेटिव्ह ४००, डिव्हिएशन ३०. ९० गुणिले ३ म्हणजे २७०, भागिले ६०० म्हणजे ०.४५, झेड-प्राइम आला ०.५५. ०.५ च्या वर असला की स्क्रीन करायला उत्तम. आता सरासऱ्या त्याच ठेवून पॉझिटिव्हची डिव्हिएशन १२० झाली तर आकडा ०.२५ वर येतो, म्हणजे दोन गट वेगळे दिसतात खरे पण एकेका वेलवर विश्वास ठेवता येत नाही. न्यूरॉनच्या असेमध्ये ०.३ ते ०.५ मिळणं काही गुन्हा नाही, फक्त मग प्रत्येक कंपाऊंड तीन वेलमध्ये टाका. आणि हे वेगवेगळ्या आठवड्यांच्या कल्चरवर करून बघा, एका दिवशी चांगला आलेला आकडा त्या दिवसापुरताच असतो.

कंपाऊंड ज्यात विरघळवतो तो डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये सारखाच, शक्यतो ०.१ टक्का, निगेटिव्ह कंट्रोलमध्ये पण तेवढाच.

ब्राह्मी, अश्वगंधा, हळद

आपल्याकडे हे आवर्जून सांगायला हवं कारण पुण्यात स्क्रीनिंग म्हटलं की निम्म्या वेळा वनस्पतींचे अर्क येतातच, आणि यावे, चांगलं काम आहे. पण न्यूरॉनवर कच्चा अर्क टाकणं म्हणजे किती गोष्टी एकदम टाकणं हे कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट पोटॅशियम. झाडांच्या पेशींत पोटॅशियम भरपूर असतं, पाण्यातल्या अर्कात ते सगळं उतरतं, आणि आत्ताच आपण पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून काय घातलं होतं तर पोटॅशियमच. म्हणजे पालकाचा रस टाकला तरी न्यूरॉन पेटून उठण्याची शक्यता आहे. अर्कातलं पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर मोजून घ्या, हे यंत्र बऱ्याच केमिस्ट्री डिपार्टमेंटला असतं, आणि तेवढंच पोटॅशियम घातलेली एक कंट्रोल वेल प्रत्येक अर्कासोबत ठेवा. दुसरी गोष्ट ग्लुटामेट, तेही वनस्पतीत असतंच, तर सीएनक्यूएक्स आणि एपी५ घालून परिणाम जातो का बघा, गेला तर तुम्ही नवीन औषध न शोधता ग्लुटामेट शोधलेलं असू शकतं. तिसरी गोष्ट टॅनिन, ती हाती लागेल त्या प्रोटीनला चिकटतात आणि प्रत्येक असेमध्ये "अ‍ॅक्टिव्ह" दिसतात.

आणि हळद. कर्क्युमिन स्वतःच हिरवट-पिवळं चमकतं, म्हणजे फ्लुओ-४ च्या खिडकीत थेट ढवळाढवळ, शिवाय ते वेगवेगळ्या प्रोटीनशी कशीही रिअ‍ॅक्ट होतं आणि पाण्यात टिकत नाही, म्हणून औषधशोधातले लोक त्याच्या हिटकडे (परिणाम दिसला या निकालाकडे) संशयानेच बघतात. कुठल्याही रंगीत अर्कासाठी पेशी नसलेली वेल आणि डाय नसलेली वेल वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वनस्पती बाजारातून पुडीत आणू नका. ब्राह्मी म्हणून बकोपा मिळतं तसंच मंडूकपर्णी पण मिळते आणि दोन्ही पूर्ण वेगळ्या वनस्पती आहेत. फुलासकट नमुना घेऊन कोरेगाव रोडच्या बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या केंद्रात किंवा आघारकरच्या हर्बेरियमला ओळख पटवून घ्या, नंबर मिळतो, तो थिसिसमध्ये लागतोच.

हिट मिळाला, आता त्याला पाडायचा प्रयत्न करा

कंट्रोलच्या सरासरीपासून तीन डिव्हिएशन बाहेर म्हणजे हिट असं बहुतेक जण धरतात. सगळं नॉर्मल असलं तरी हजार वेलमागे दोन-तीन अशा नुसत्या नशिबाने बाहेर पडतात, त्यामुळे पहिल्या यादीवर जीव जडवू नका. प्रत्येक हिट नव्याने घेतलेल्या पावडरमधून पुन्हा करा, आठ-दहा डोसवर करा आणि वळण एस आकाराचं येतंय का बघा. एकदम उभा कडा आला तर कंपाऊंड साका होऊन बसलंय नाहीतर पेशी मेल्यात, एलडीएच (मेलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम) मोजा आणि न्यूक्लियस मोजा. मग न्यूरॉन नसलेल्या पेशीत, एचईके२९३ मध्ये, तेच करा. तिथेही तोच परिणाम दिसला तर त्याचा सिनॅप्सशी खास संबंध नाही.

यातून जे उरतं ते वेगळ्याच पद्धतीने तपासायचं. कॅल्शियमवर सापडलं असेल तर आयग्लूस्निफरवर बघा, आणि शेवटी पॅच क्लॅम्प, म्हणजे काचेच्या बारीक नळीने एकेका पेशीतला करंट मोजणं. नेहर आणि साकमन यांनी ही पद्धत १९७६ ला दाखवली, १९९१ ला नोबेल मिळालं, आणि सिनॅप्सच्या कामात आजही शेवटचा शब्द तिचाच. टीटीएक्स घालून मिनिएचर करंट (एकेका व्हेसिकलमुळे येणारे छोटे करंट) रेकॉर्ड करा. एकेका करंटची उंची कमी झाली तर बहुधा पलीकडे रिसेप्टर कमी झालेत, उंची तीच आणि किती वेळा येतात तेवढंच कमी झालं तर सुटणं कमी झालंय किंवा सिनॅप्सच कमी आहेत, आणि या दोन्हीतला फरक कळायला वर सांगितलेले ठिपके मोजावे लागतात. सीरिज रेझिस्टन्स (नळी आणि पेशी यांच्यातला विद्युत अडथळा) रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी लिहा, २० टक्क्यांहून जास्त सरकला तर ती पेशी मोजायची नाही, कितीही सुंदर ट्रेस असला तरी. पॅच शिकायला महिने जातात, तर स्वतः शिकण्यापेक्षा ज्यांच्याकडे रिग (पॅचची यंत्रणा) आहे त्यांच्याकडे तीन-चार पक्के हिट घेऊन जा, चाळीस कच्चे घेऊन नको.

आणि ग्राफखाली एन, म्हणजे नमुन्यांची संख्या, लिहिताना वेल मोजू नका. एका डिसेक्शनमधून निघालेल्या ६० वेल म्हणजे एन ६० नाही, एन १ आहे, कारण त्या सगळ्या एकाच दिवशी एकाच हाताने केलेल्या एकाच कल्चरच्या आहेत. निदान तीन वेगळ्या दिवसांची कल्चर घ्या, शक्य असेल तर पाच, प्रत्येक कल्चरची सरासरी काढा आणि स्टॅटिस्टिक्स त्या सरासऱ्यांवर करा, आणि ग्राफमध्ये कुठला ठिपका कुठल्या कल्चरचा ते वेगवेगळ्या रंगाने दाखवा.

कच्च्या फाइल, म्हणजे ट्रेस आणि न कापलेल्या इमेज, प्लेटच्या तारखेच्या फोल्डरमध्ये दोन ठिकाणी ठेवा आणि सोबत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये प्लेटचा नकाशा, खोलीचं तापमान, डायचा लॉट नंबर आणि त्या दिवशी कोण बसलं होतं ते लिहा. पुढच्या बॅचचा विद्यार्थी तुमच्यानंतर हेच स्क्रीन पुढे नेणार असतो आणि त्याच्या हातात तेव्हा एवढंच असतं.